पाच युनिटांची तीन झाली, आता ट्रेनिंगचं काय?

पत्र: "मी मुंबईतल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात जनरल सर्जरीचा निवासी डॉक्टर आहे. नुकतीच चौथी टर्म (सहा महिन्यांची एक) सुरू झाली. गेल्या महिन्यात विभागाची पाच युनिटं मोडून तीन केली. दोन ओटी (ऑपरेशन थिएटर) दुरुस्तीसाठी बंद आहेत, त्यात लॅप्रोस्कोपीचीही (दुर्बिणीच्या ऑपरेशनांची). आठवड्याला दहा इलेक्टिव्ह (आधी ठरवलेल्या ऑपरेशनांच्या) लिस्ट व्हायच्या, आता सहा होतात. इमर्जन्सी वॉर्ड नव्या इमारतीत गेला. माझ्या गाईड मॅडमची बदली झाली. थिसिस लॅप कोलेवर (दुर्बिणीतून पित्ताशय काढणं) आहे, पोटात भरायच्या गॅसचा कमी दाब विरुद्ध नेहमीचा दाब. दहा महिन्यांत ६० पैकी ३४ पेशंट झाले आणि आता सगळं थांबलं. आम्ही एकूण पंधरा जण, प्रत्येक बॅचला पाच. पूर्वी महिन्याला सहा इमर्जन्सी ड्युट्या व्हायच्या, आता दहा. पाचव्या टर्मला डीआरपी (जिल्हा रुग्णालयातलं तीन महिन्यांचं पोस्टिंग) आहे. बॉस म्हणतात, सहा महिने सांभाळून घ्या. मी दुसरं कॉलेज बघू का?"

उत्तर:

प्रिय डॉक्टर,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण त्याचं उत्तर सर्वांत छोटं आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमात एका कॉलेजातून दुसऱ्यात बदली मिळत नाही. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०२३ च्या नियमावलीत ती सोय नाही, त्याआधीच्या नियमांतही नव्हती. सीट सोडली तर पुन्हा नीट-पीजी द्यावी लागेल, प्रवेशाच्या वेळी सही केलेल्या बाँडचे पैसे भरावे लागतील आणि झालेली दीड वर्षं कुठेच धरली जाणार नाहीत. तेव्हा तो विचार सोडा. मात्र त्याच रुग्णालयात राहून ठरावीक काळासाठी दुसरीकडे प्रशिक्षणाला जाता येतं. तो मार्ग तुमच्या फार कामाचा आहे, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

"सहा महिने सांभाळून घ्या" हा सल्ला मात्र मानू नका. बॉसचा हेतू चांगलाच असेल. पण चौथी आणि पाचवी टर्म हा सर्जरीत हात बसण्याचा काळ. ते सहा महिने हुकले तर तिसऱ्या वर्षी कोणी भरून देत नाही, कारण तेव्हा परीक्षा समोर असते आणि खालच्या बॅचचे हातही केसची वाट पाहत असतात. युनिटं मोडणं हा प्रशासनाचा निर्णय आहे आणि त्यामागे कारणं असू शकतात. पण युनिटांसोबत ट्रेनिंगची मांडणीही नव्याने व्हायला हवी होती. ती झाली नाही, जुन्या सवयी नव्या आकड्यांवर तशाच लादल्या गेल्या. इमर्जन्सीचा तुमचा आकडा हेच दाखवतो.

पूर्वी पाच युनिटं होती आणि प्रत्येकात तिघे. महिन्याचे तीस दिवस पाच युनिटांत वाटले की प्रत्येकाला सहा इमर्जन्सी. त्या दिवशी अख्खं युनिट थांबायचं, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सहा. आता तीन युनिटं आणि प्रत्येकात पाच जण. युनिटच्या वाट्याला दहा इमर्जन्सी येतात, आणि "इमर्जन्सीला अख्खं युनिट थांबतं" ही सवय कायम राहिली, म्हणून तुम्हालाही दहा. एकूण माणसं तीच आहेत आणि दिवसही तेच. पूर्वी एका रात्री तिघे होते, आता पाच थांबतात, एवढाच फरक. रोज तिघेच ठेवले तर युनिटला महिन्याला तीस ड्युट्या होतात. त्या पाच जणांत वाटल्या की पुन्हा सहा. उरलेले दोघे त्या दिवशी वॉर्ड आणि ओपीडी बघतील आणि दुसऱ्या दिवशी ताज्या डोक्याने ओटीत उभे राहतील.

यात एक अडचण येते, ती आधीच ओळखा. बॅचला पाच जण आणि युनिटं तीन, म्हणजे प्रत्येक वर्षाचे दोन-दोन-एक असे वाटले जाणार. एका युनिटला पहिल्या वर्षाचा एकच, दुसऱ्याला दुसऱ्या वर्षाचा एकच, तिसऱ्याला तिसऱ्या वर्षाचा एकच. "प्रत्येक इमर्जन्सीला प्रत्येक वर्षाचा एक" असा नियम केला की एकट्या पडलेल्या माणसाला दहाही करावे लागतात आणि जोडीतल्यांना पाच-पाच. म्हणून नियम "रोज तिघे, महिन्याला प्रत्येकी सहा" असा करा. एकटा असलेला सहाच करेल, त्याच्या चार जागा बाकीचे चौघे भरतील. ज्या युनिटला तिसऱ्या वर्षाचा एकच आहे, तिथे महिन्यात चार रात्री रजिस्ट्रार नसेल. त्या चार रात्री लेक्चरर रुग्णालयातच हवेत, फोनवर उपलब्ध असणं चालणार नाही. हे रोस्टरच्या कागदावर नावानिशी छापून घ्या. तोंडी ठरलेलं पहिल्या रजेला कोलमडतं.

तासांचा हिशेबही जवळ ठेवा. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी आयोगाने नेमलेल्या राष्ट्रीय कृती दलाने २०२४ च्या अहवालात निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली आहे: एक २४ तासांची ड्युटी, पाच दिवस प्रत्येकी दहा तास आणि एक दिवस सुट्टी. महिन्याला दहा इमर्जन्सी म्हणजे आठवड्याला सव्वादोनहून जास्त, म्हणजे इमर्जन्सीचेच ५६ तास. ७४ मधून ते वजा केले की ओपीडी, वॉर्ड आणि ओटी मिळून १८ तास उरतात. इलेक्टिव्ह केसेस हाताला का लागत नाहीत, याचं अर्धं उत्तर इथे आहे. १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेत तर सलग बारा तास आणि आठवड्याला ४८ तास असं लिहिलं आहे. ती योजना केंद्राच्या संस्थांसाठी आहे, त्यामुळे हक्क म्हणून मांडू नका, संदर्भ म्हणून नक्की द्या. २०२३ च्या नियमावलीतली साप्ताहिक सुट्टी, वर्षाला किमान २० दिवस पगारी रजा आणि ५ दिवस शैक्षणिक रजा या गोष्टी तुम्हाला थेट लागू आहेत. युनिट बदललं म्हणून त्या कमी होत नाहीत.

आता ओटी. दहाऐवजी सहा लिस्ट म्हणजे चाळीस टक्के घट. ही घट सगळ्यांवर सारखी पडत नाही. केसेस कमी झाल्या की त्या वर सरकतात: हर्निया जो दुसऱ्या वर्षाने केला असता तो तिसऱ्या वर्षाकडे जातो, तिसऱ्याचा थायरॉइड लेक्चररकडे जातो आणि पहिल्या वर्षाच्या हातात फक्त ड्रेसिंग उरतं. यावर ओरड करण्याआधी तुमच्या लॉगबुकमधून दोन याद्या काढा: बदलाआधीच्या सहा महिन्यांतल्या केसेस आणि बदलानंतरच्या. प्रत्येक केससमोर ओ, ए, पीए, पीआय यांपैकी काय होतं ते लिहा, म्हणजे नुसती पाहिली, असिस्ट केली, देखरेखीखाली केली की स्वतंत्रपणे केली. बहुधा असं दिसेल की अपेंडिक्स, परफोरेशन, ऑब्स्ट्रक्शन, डिब्राइडमेंट आणि अँप्युटेशन वाढलेत. इनग्वायनल हर्निया, ब्रेस्ट, थायरॉइड आणि लॅप कोले जवळपास नाहीसे झालेत. "केसेस मिळत नाहीत" या तक्रारीला विभागप्रमुखांकडे उत्तर तयार असतं: पेशंट तर भरपूर आहेत. "सहा महिन्यांत पीए हर्निया इतके होते, बदलानंतर एकही नाही" याला ते उत्तर लागू पडत नाही.

उपाय दोन पातळ्यांवर आहेत. पहिला, असलेली केस विभागून घेणं. मेश (जाळी) लावून केलेल्या एका हर्नियात तिघांचं शिकणं सहज बसतं. चीर देण्यापासून एक्स्टर्नल ऑब्लीक स्नायूपर्यंतचा भाग आणि शेवटचं क्लोजर पहिल्या वर्षाचं, कॉर्ड उचलून सॅक सोडवणं दुसऱ्याचं, आणि तिसऱ्याने मेश बसवताना दुसऱ्याकडून निदान खालचे टाके घालून घ्यायचे. पण हे आदल्या संध्याकाळी लिस्टवर नावांसकट लिहिलेलं असेल तरच होतं. टेबलापाशी उभं राहून ठरवायला गेलं की भूलतज्ज्ञ घड्याळ दाखवतात आणि सीनियर केस पूर्ण करून टाकतात, त्यात त्यांचा दोष नाही. प्रत्येक लिस्टवर किमान एक केस शिकवण्याची म्हणून ठरवून ठेवा, ती लिस्टवर पहिली किंवा दुसरी ठेवा आणि तिला अर्धा तास जास्त धरा. शेवटची ठेवली तर उशीर झाला म्हणून पहिल्यांदा तीच रद्द होते.

दुसरा उपाय, दुसऱ्या रुग्णालयातलं पोस्टिंग. तुमचं रुग्णालय पालिकेचं असेल तर केईएम, सायन, नायर आणि कूपर ही चारही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं एकाच प्रशासनाखाली, वैद्यकीय शिक्षण व प्रमुख रुग्णालयांच्या संचालकांकडे आहेत. सरकारी असेल तर जे.जे., जी.टी., सेंट जॉर्जेस आणि कामा ही रुग्णालयं आहेत. लॅप ओटी बंद असेपर्यंत दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या प्रत्येकाला आठवड्यातून एक दिवस शेजारच्या रुग्णालयाच्या लॅप लिस्टला पाठवणं, हे दोन अधिष्ठात्यांच्या पत्रांनी होऊ शकतं. आदेशात पाच गोष्टी असल्याच पाहिजेत: कालावधी, तिथल्या देखरेख करणाऱ्या शिक्षकांचं नाव, लॉगबुकवर सही कोण करणार, हजेरी कोण कधी पाठवणार, आणि त्या दिवशी मूळ रुग्णालयाच्या इमर्जन्सीतून सूट. शेवटची गोष्ट लोक विसरतात. मग शेजारच्या ओटीत सकाळी आठला पोहोचायचं तर आदल्या रात्रीची इमर्जन्सी सोडता येत नाही आणि चार आठवड्यांत पोस्टिंग कागदावरच राहतं.

तिथे गेल्यावर पहिल्याच दिवशी कोलेचा मुख्य भाग मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका, त्यांचेही निवासी आहेत. पोर्ट लावणं, कॅमेरा, आणि शेवटी लिव्हरच्या बेडवरून पित्ताशय सोडवणं यासाठी नाव द्या. कॅलोज ट्रँगलच्या (पित्ताशयाच्या नळीजवळचा त्रिकोण) डिसेक्शनपर्यंत जायला क्रिटिकल व्ह्यूचे, म्हणजे काहीही कापण्याआधी दिसायला हव्यात त्या गोष्टींचे, तिन्ही निकष तोंडपाठ हवेत: त्रिकोणातली चरबी आणि तंतू पूर्ण साफ, पित्ताशयाचा खालचा एक-तृतीयांश भाग बेडपासून सुटा, आणि पित्ताशयात जाणाऱ्या फक्त दोनच रचना. दरम्यान रुग्णालयाच्या स्किल्स लॅबमधली एंडोट्रेनर पेटी (दुर्बिणीच्या ऑपरेशनांच्या सरावाची) वापरात आणा, बऱ्याच ठिकाणी ती कुलपात पडून असते. पेग ट्रान्सफरपासून सुरुवात करा: सहा तुकडे कमजोर हाताने उचलायचे, हवेत दुसऱ्या हातात द्यायचे, पलीकडे ठेवायचे आणि मग उलट दिशेने परत. ४८ सेकंदांत एकही तुकडा बाहेर न पाडता जमेपर्यंत पुढे जाऊ नका. आठवड्यातून तीनदा वीस मिनिटं पुरतात. एकाच दिवशी दोन तास बसल्याने तितका फायदा होत नाही.

या शहराने असं पूर्वीही पाहिलं आहे. एप्रिल २०२० मध्ये नायर रुग्णालय पूर्णपणे कोविडसाठी राखीव झालं, तेव्हा सर्जिकल शाखांतल्या निवासी डॉक्टरांच्या हातातून ऑपरेशनं गेली. पुढे त्यांनीच इतर रुग्णांची सेवा पुन्हा सुरू करण्याची मागणी लावून धरली. रुग्णसेवा आणि शिक्षण एकाच मागणीत बसतात, हे त्यातून घेण्यासारखं आहे. "आमच्या केसेस द्या" म्हणून जाण्यापेक्षा "हर्नियाची प्रतीक्षा यादी एवढी वाढली आहे, दुपारची अर्धी लिस्ट सुरू केली तर ती इतकी कमी होईल" असं म्हणत जा.

लॉगबुकबद्दल एक निकडीची गोष्ट. नियमानुसार ई-लॉगबुकमध्ये दर आठवड्याला नोंद आणि दर महिन्याला गाईडची पडताळणी अपेक्षित आहे. मॅडमची बदली झाली त्या तारखेपर्यंतच्या सगळ्या नोंदी त्यांच्याकडून याच पंधरवड्यात तपासून घ्या. नंतर नवे गाईड न पाहिलेल्या केसेसवर सही करायला का-कू करतील, आणि ते योग्यच आहे. जुन्या युनिटांच्या केस पेपरांचं काय होणार तेही रेकॉर्ड विभागात जाऊन विचारा. वॉर्ड हलतो तेव्हा गठ्ठे बांधले जातात आणि पुढचे कित्येक महिने सापडत नाहीत. थिसिसच्या ३४ पेशंटांचे आयपीडी नंबर आजच यादी करून रेकॉर्ड विभागाला द्या आणि ते पेपर वेगळे ठेवून घ्या. फोनमध्ये केस पेपरचे फोटो काढून ठेवू नका. नंबर पुरतो, पेशंटचं नाव तुमच्या वहीत असण्याची गरज नाही.

थिसिसकडे येऊ, कारण इथे उशीर सर्वांत महाग पडेल. थिसिस अंतिम परीक्षेच्या किमान सहा महिने आधी जमा व्हावा लागतो, म्हणजे पाचव्या टर्मच्या अखेरीस. आज चौथी टर्म सुरू झाली, हातात बारा महिने. त्यातले तीन डीआरपीचे, विश्लेषण आणि लेखनाला निदान अडीच. उरले साडेसहा. तुमचा जुना वेग महिन्याला ३.४ पेशंट होता. त्या वेगानेही उरलेल्या २६ पेशंटांना साडेसातहून जास्त महिने लागले असते. आणि सध्या लॅप ओटीच बंद आहे. ओटी सुरू होण्याची वाट पाहत बसलात तर थिसिस पूर्ण होणार नाही.

क्रम असा ठेवा. सगळ्यांत आधी गाईड बदलाचा अर्ज विभागप्रमुख आणि अधिष्ठात्यांमार्फत नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडे. मॅडमना को-गाईड म्हणून ठेवता येतं का ते त्याच अर्जात विचारा, विषय त्यांना माहीत आहे. त्याच आठवड्यात एथिक्स कमिटीला दुरुस्तीचा प्रस्ताव द्या. त्यात तीन बदल दाखवा: नवे गाईड, शेजारचं रुग्णालय हे दुसरं केंद्र, आणि माहितीपत्रक व संमतिपत्राची नवी आवृत्ती. जुन्या संमतिपत्रावर मॅडमचा फोन नंबर आणि जुना वॉर्ड छापलेला असतो. पेशंटला रात्री दुखू लागलं आणि त्याने त्या नंबरवर फोन केला तर कोण उचलणार? नव्या पत्रकावर आवृत्ती क्रमांक आणि तारीख टाका, आधीच्या पेशंटांना नव्या ओपीडीची चिठ्ठी द्या. दुसऱ्या रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीची परवानगी वेगळी लागेल. सीटीआरआयवर (वैद्यकीय चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही) नोंदणी केली असेल तर तिथेही केंद्र आणि गाईड अद्ययावत करा. परवानग्यांची लेखी पत्रं हातात येईपर्यंत नवा पेशंट घेऊ नका. आधी घेतलेला पेशंट नंतर वगळावा लागतो आणि सगळा अभ्यास संशयात येतो.

दुसरं केंद्र आलं की अभ्यासाची रचनाही सांभाळा. जुन्या बंद पाकिटांचा एकच गठ्ठा दोन ठिकाणी वाटू नका. प्रत्येक केंद्रासाठी वेगळी रँडम यादी करा, चार किंवा सहाच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे दोन्ही गट प्रत्येक केंद्रात जवळपास सारखे राहतील. दाबाचा अभ्यास आहे, तेव्हा तिथला इन्सफ्लेटर (पोटात गॅस भरणारं यंत्र) वेगळा असेल हे लक्षात घ्या. दोन्ही यंत्रांचं कॅलिब्रेशन बायोमेडिकल विभागाकडून करून घ्या आणि गॅसचा प्रवाह किती लिटर ठेवला तेही प्रोफॉर्मात लिहा. खांदेदुखीचा स्कोअर दोन्हीकडे त्याच तासांना आणि त्याच पट्टीवर घ्या.

काही जण सुचवतील, "साठ कशाला, चाळीसवर थांब, कोणी विचारत नाही." तसं करू नका. नमुन्याचा आकडा कमी करायचा तर स्टॅटिस्टिशियनकडे जा, पण आतापर्यंतच्या ३४ चे निकाल उघडून पाहण्याआधी. मूळ गणितात सुटून जाणाऱ्या पेशंटांसाठी किती जास्तीचे धरले होते ते तपासा. तुमचा फॉलोअप छोटा आहे, म्हणून तिथे थोडी जागा निघू शकते. जे ठरेल ते एथिक्स कमिटीकडून मंजूर करून घ्या आणि थिसिसमध्ये कारणासकट लिहा. परीक्षकांना रुग्णालय बदललं हे समजतं. निकाल पाहून आकडा ठरवला हे मात्र खपत नाही.

नव्या इमारतीतल्या इमर्जन्सी वॉर्डबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण चूक होण्याची सर्वांत जास्त शक्यता तिथे आहे. दिवसा एकदा आणि रात्री एकदा ट्रॉली घेऊन स्वतः चालून बघा: ट्रॉमा बेडपासून रक्तपेढी, सीटी आणि ओटी, प्रत्येकी किती मिनिटं, लिफ्ट रात्री चालू असते का, ट्रॉली वळते का. फ्रिजमधून काढलेलं रक्त तीस मिनिटांच्या आत सुरू व्हायला हवं आणि चार तासांत संपायला हवं. रक्तपेढी दोन इमारती पलीकडे गेली असेल तर आणायला माणूस कोण, हा प्रश्न उपचाराचाच भाग आहे. वॉर्ड हलला तरी मामा-मावशींच्या (वॉर्डातल्या मदतनीसांच्या) जागा जुन्या वॉर्डाच्या आस्थापनेवर राहतात. मग सॅम्पल घेऊन हाऊसमन (पहिल्या वर्षाचा निवासी) पळतो आणि बेडपाशी कोणी उरत नाही. चोवीस तास एक ट्रॉलीसाठी आणि एक सॅम्पलसाठी माणूस, ही मागणी ट्रेनिंगच्या मागण्यांच्या पहिल्या तीनांत ठेवा. रेल्वे अपघात तर बारमाही आहेत आणि पावसाळ्यातली गर्दी दरवर्षी ठरलेली आहे. दहीहंडीच्या आठवड्यात किंवा नव्या बॅचच्या पहिल्या पंधरवड्यात आणखी काही हलवू नका, हेही आत्ताच सांगून ठेवा.

युनिट मोठं झालं की ओव्हर देताना, म्हणजे ड्युटी संपवून पेशंट पुढच्याकडे सोपवताना, माहिती गळते. पूर्वी तिघांना सगळे पेशंट पाठ असायचे, पाच जणांत आणि फिरत्या रोस्टरमध्ये ते शक्य नाही. ठरावीक वेळ, ठरावीक जागा आणि आय-पास पद्धत ठेवा: पेशंट किती गंभीर, थोडक्यात हकीकत, करायच्या कामांची यादी, काय बिघडू शकतं आणि तेव्हा काय करायचं, आणि शेवटी घेणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत परत सांगणं. २०१४ साली नऊ रुग्णालयांतल्या अभ्यासात या पद्धतीने वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. शेवटची पायरी सगळे गाळतात, आणि घेणाऱ्याने काय चुकीचं ऐकलं ते नेमकं तिथेच कळतं. बदललेल्या ओटीत पहिला महिनाभर डब्ल्यूएचओच्या सुरक्षित शस्त्रक्रियेच्या यादीतले १९ मुद्दे मोठ्याने वाचा. सक्शन, कॉटरीची प्लेट, जादा ऑक्सिजन सिलिंडर, सगळं नव्या जागी असतं.

डीआरपी पुढे ढकलून मागू नका, पण वाटून मागा. तीन महिन्यांचं हे पोस्टिंग तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या टर्ममध्ये होतं. दरवर्षी एका बॅचचे पाच जण तीन-तीन महिने जाणार, म्हणजे वर्षभरात सरासरी सव्वा माणूस कायम बाहेर. एकावेळी एक गेला तर चौदा जणांत महिन्याच्या नव्वद ड्युट्या, प्रत्येकी साडेसहाच्या आत. पाचही एकदम गेले तर दहा जणांत प्रत्येकी नऊ, आणि वर केलेली सगळी मांडणी मोडते. तुमच्यासाठी पाचव्या टर्मचे पहिले तीन महिने बरे, शेवटचे तीन थिसिसला मोकळे राहतील. जिल्हा रुग्णालयात हर्निया, हायड्रोसील आणि अपेंडिक्स भरपूर असतात. इथे हुकलेले पीए तिथे मिळवा, सही तिथल्या समन्वयकांकडून दर महिन्याला घ्या. विद्यावेतन मूळ कॉलेजकडूनच मिळतं, पण जिल्ह्याहून आलेल्या हजेरीवर. ती वेळेत पोहोचली का ते स्वतः बघा.

हजेरीवरून आठवलं. नव्या इमारतीतल्या बायोमेट्रिक यंत्रावर तुमचं नाव चढलं आहे का, ते तपासा. जुन्या यंत्राशी जोडलेली माणसं नव्या ठिकाणी ड्युटी करूनही गैरहजर दिसतात, आणि ८० टक्क्यांची अट परीक्षेच्या फॉर्मच्या वेळी समोर येते. तोपर्यंत रोस्टरची सहीशिक्क्याची प्रत दर महिन्याला जपून ठेवा.

दुसऱ्या रुग्णालयात काम करणार असाल तर व्यावसायिक विम्याची चौकशीही करा. अमेरिकेत फिलाडेल्फियाचं हानेमान विद्यापीठ रुग्णालय २०१९ मध्ये बंद पडलं, तेव्हा साडेपाचशेहून अधिक निवासी डॉक्टरांना नवी जागा शोधावी लागली. जागा मिळाल्यावरही जुन्या केसेसवर पुढे दावा आला तर विमा कोणाचा, हा वाद उरला. आपल्याकडच्या बहुतेक इंडेम्निटी पॉलिसीही दावा ज्या वर्षी येतो त्या वर्षी चालू असाव्या लागतात. स्वतःची पॉलिसी असेल तर नूतनीकरणात खंड पडू देऊ नका आणि तिची पूर्वलक्षी तारीख (जिच्यानंतरच्या कामावरचे दावे धरले जातात) पदव्युत्तर प्रवेशाच्या आधीची आहे का पाहा. पॉलिसीच नसेल तर पोस्टिंगच्या आदेशात "हे काम मूळ रुग्णालयाच्या कर्तव्याचा भाग समजले जाईल" हे वाक्य घालून घ्या.

हे सगळं मागायचं कसं? एकट्याने जाऊ नका आणि पहिल्याच दिवशी मार्डकडेही (निवासी डॉक्टरांची संघटना) जाऊ नका. तिन्ही वर्षांचा एकेक प्रतिनिधी घेऊन आधी तिन्ही युनिटप्रमुख आणि विभागप्रमुखांना भेटा, सोबत एकाच पानाचा अर्ज. मराठीत लिहा, कार्यालयात तो लवकर पुढे सरकतो. मजकूर साधारण असा: "विभागातील युनिटांच्या पुनर्रचनेनंतर निवासी डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी पुढील व्यवस्था व्हावी, ही विनंती. १) प्रत्येक इमर्जन्सीस तीन निवासी, प्रत्येकी महिन्यास कमाल सहा. रजिस्ट्रार नसलेल्या रात्री लेक्चरर रुग्णालयात उपस्थित. २) लॅप्रोस्कोपी ओटी सुरू होईपर्यंत आठवड्यातून एक दिवस अन्य रुग्णालयात प्रशिक्षण. ३) नव्या इमर्जन्सी वॉर्डसाठी चोवीस तास दोन कर्मचारी. ४) गाईड बदलाचे प्रस्ताव पंधरा दिवसांत विद्यापीठाकडे. ५) तीन महिन्यांनी लॉगबुकच्या आकड्यांसह आढावा बैठक." सोबत दोन केस याद्या आणि तासांचा हिशेब जोडा. विभागात दिलेल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या.

पंधरा दिवसांत हालचाल झाली नाही तर तोच अर्ज अधिष्ठात्यांकडे, तिथून पुढे संचालकांकडे, आणि त्या टप्प्यावर मार्डच्या प्रतिनिधींना सोबत घ्या. आयोगाच्या तक्रार पोर्टलवर जायची वेळ आली तर आवक क्रमांक असलेल्या याच प्रती तिथे लागतील. पाचपैकी पहिली मागणी विभागप्रमुखांच्या एका सहीने पूर्ण होते, तिला ना पैसे लागतात ना वरची मंजुरी. तेव्हा पुढच्या महिन्याचं रोस्टर लागण्याआधी त्यांना भेटा, आणि तिघांच्या रोस्टरचा कच्चा आराखडा तुम्हीच करून न्या.